नाक्सोस बेटावर मुक्काम कुठे करावा: आठ रात्रींचा अनुभव

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, ग्रीसच्या नाक्सोस बेटावर आठ रात्री राहिलो. पहिल्या चार रात्री बेटाच्या मुख्य गावात, ज्याला तिथे होरा म्हणतात, आणि पुढच्या चार आगिया आन्ना या किनाऱ्यावरच्या छोट्या वस्तीत. या दोन मुक्कामांतला फरक इतका मोठा होता की, बेटावर कोणते हॉटेल घ्यावे यापेक्षा बेटाच्या कोणत्या भागात राहावे हा प्रश्न आधी सोडवायला हवा, हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. जाण्यापूर्वी कळले असते तर सासूबाईंचे पहिले दोन दिवस सुखाचे गेले असते.

नाक्सोस हे सिक्लाडीस द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर आहे. मधोमध डोंगर आहेत, त्यांतला झास हा 1,000 मीटरपर्यंत उंच आहे. बंदर आणि होरा वायव्येला आहेत, आणि तिथून दक्षिणेकडे पश्चिम किनाऱ्याने वाळूचे किनारे एकापाठोपाठ एक लागतात: आगिओस गेओर्गिओस, आगिओस प्रोकोपिओस, आगिया आन्ना, प्लाका आणि त्यापुढे मिक्री विग्ला. राहण्याच्या बहुतेक जागा याच पट्ट्यात आहेत.

हा पट्टा नकाशावर सलग आणि सारखाच दिसतो, परंतु प्रत्यक्षात दोन गोष्टी त्याचे तुकडे पाडतात, आणि त्यांतली पहिली म्हणजे वारा. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा, जोरदार वारा वाहतो. त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक असतो, पण सप्टेंबरमध्येही तो दोन-तीन दिवस सलग वाहू शकतो. ज्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे मोसमी वारे आपल्याकडे ओढले जातात, त्याचाच एक फाटा पश्चिमेला तुर्कस्तानापर्यंत पसरतो आणि त्यातून हा वारा तयार होतो, हे समजल्यावर मला त्या वाऱ्याबद्दल आपुलकी वाटू लागली. आपला पाऊस आणि त्यांचा वारा यांचे नाते आहे. मात्र बाल्कनी उत्तरेकडे असलेल्या खोलीत राहणाऱ्याला ही आपुलकी फार काळ पुरत नाही. बंदराच्या उत्तरेला ग्रोत्ता नावाचा भाग आहे. तिथून अपोलो या ग्रीक देवाच्या अपूर्ण मंदिराचे संगमरवरी दार, म्हणजे पोर्तारा, समोर दिसते, आणि त्यामुळे त्या भागातल्या खोल्यांची छायाचित्रे मोहात पाडतात. आम्ही एका संध्याकाळी तिकडे फिरायला गेलो तेव्हा वारा इतका होता की गच्चीत चहाचा कप ठेवणेही अवघड झाले असते. ज्यांना मावळतीच्या वेळी बाहेर बसायचे आहे, त्यांनी समुद्र दिसतो का यासोबत बाल्कनीचे तोंड कोणत्या दिशेला आहे हेही विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे चढ, आणि आमची चूक याच बाबतीत झाली. होराचा जुना भाग टेकडीवर आहे. 1207 साली व्हेनिसच्या मार्को सानुदो याने हे बेट घेतल्यावर टेकडीच्या माथ्यावर कास्त्रो, म्हणजे किल्ला, बांधला, आणि त्याच्या पायथ्याशी बुर्गोस ही वस्ती वाढली. कमानींखालून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, पांढऱ्या भिंती, दगडी पायऱ्या आणि मध्येच अचानक उघडणारा छोटा चौक असा तो भाग आहे, आणि त्याच्या सौंदर्याविषयी जे काही वाचले होते ते सगळे खरे निघाले. आम्ही घेतलेले घर किल्ल्याच्या भिंतीला लागून होते. वर्णनात ‘बंदरापासून सात मिनिटे’ असे लिहिले होते, आणि सडाफटिंग माणसाला खरोखरच सात मिनिटे लागली असती. परंतु त्या गल्ल्यांत मोटार जात नाही, पायऱ्या शंभराच्या आसपास आहेत, आणि पायांनी घासून गुळगुळीत झालेला संगमरवर संध्याकाळच्या दमट हवेत निसरडा होतो. दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई यांच्यासह आम्हाला पाऊण तास लागला. त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या म्हणाल्या, “तुम्ही फिरून या, मी इथे खिडकीत बसते.” इतक्या लांब आणून त्यांना खिडकीत बसवावे लागले, याचे वाईट अजूनही वाटते.

म्हणून पहिला सल्ला हा की, जुन्या गावातली जागा घेण्यापूर्वी घरमालकाला तीन प्रश्न लेखी विचारावेत: मोटार किंवा टॅक्सी दारापासून किती अंतरावर थांबते, तिथून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि घराच्या आत आणखी जिना आहे का. तिसरा प्रश्न विसरू नये, कारण जुन्या घरांत झोपण्याची खोली अनेकदा वरच्या मजल्यावर आणि न्हाणीघर खाली असते. बंदरावर सामान घ्यायला माणूस येणार का, हेही त्याच पत्रात विचारता येते. पुष्कळ घरमालक स्वतःहून येतात.

तरुण जोडप्यांनी किंवा हलके सामान घेऊन फिरणाऱ्यांनी मात्र बुर्गोसमध्ये अवश्य राहावे. दिवसभर गर्दी करणारे लोक रात्री अकराच्या सुमाराला पांगतात, आणि मग त्या गल्ल्यांत स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. सकाळी सहा-साडेसहाला निघून धक्क्यावरून पोर्तारापर्यंत चालत गेलो, तेव्हा तिथे आम्ही दोघेच होतो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या मंदिराचे ते दार, त्यातून दिसणारे जागे होणारे गाव, हे दृश्य दूरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्या वेळी सहज मिळत नाही.

वृद्ध माणसे किंवा लहान मुले सोबत असतील आणि गावही जवळ हवे असेल, तर आगिओस गेओर्गिओस हा मधला मार्ग आहे. तो होराच्या दक्षिणेला, बंदरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या सपाट चालीवर आहे. वाळू आहे, पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आहे, आणि जेवणाची ठिकाणे किनाऱ्यालगत आहेत. आज आम्ही पुन्हा गेलो तर होरातल्या चारही रात्री तिथे काढू.

पाचव्या दिवशी आम्ही आगिया आन्नाला गेलो. होरापासून ते साधारण सात किलोमीटर आहे. इथे आम्ही स्टुडिओ घेतला होता, म्हणजे एक मोठी खोली, तळमजल्यावरचे अंगण आणि कोपऱ्यात दोन शेगड्यांचे छोटे स्वयंपाकघर. ग्रीक बेटांवर कुटुंबाने चालवलेल्या अशा खोल्यांची जुनी परंपरा आहे. त्यांना दोमातिया म्हणतात, आणि साधेपणा चालणार असेल तर मोठ्या हॉटेलपेक्षा त्या मला अधिक योग्य वाटतात. सासूबाई शाकाहारी आहेत. ग्रीक खानावळींत भात भरलेले टोमॅटो, टोमॅटोच्या रश्शात शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, उकडलेल्या रानभाज्या असे शाकाहारी पदार्थ मिळतात खरे, परंतु सलग आठ दिवस दोन्ही वेळा तेच जेवण त्यांना जमले नसते. नाक्सोसचे बटाटे साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत. त्यांची भाजी, सोबत नेलेले पोहे आणि सकाळचा आले घातलेला चहा यांमुळे त्यांची तब्येत आणि उत्साह दोन्ही परत आले. त्या स्वतः चालत समुद्रापर्यंत जाऊ लागल्या आणि तिसऱ्या दिवशी नातवाबरोबर गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

शेजारचे आगिओस प्रोकोपिओस उत्तरेच्या वाऱ्यापासून अधिक आडोशाला आहे आणि तिथे हॉटेले, दुकाने जास्त आहेत. पाणी मात्र थोड्याच पावलांत खोल होते, हे लहान मुलांच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावे. आगिया आन्ना लहान आहे, तिथे मासेमारीच्या होड्यांचा छोटा धक्का आहे. प्लाका हा लांबलचक, मोकळा किनारा असून शांतता हवी असणाऱ्यांसाठी उत्तम आहे, पण घरे विखुरलेली असल्यामुळे रात्री जेवायला बरेच चालावे लागते. मिक्री विग्लाला टेकाडाच्या उत्तरेच्या बाजूला पतंगाच्या आधाराने लाटांवर घसरणाऱ्या खेळाडूंची गर्दी असते, त्यावरूनच तिथल्या वाऱ्याची कल्पना यावी.

होरा ते प्लाका या मार्गावर हंगामात वारंवार बस असते आणि ती बंदराजवळच्या स्थानकावरून सुटते. तिकीट आधी काढून मगच बसमध्ये चढावे. हंगाम उतरू लागला की फेऱ्या कमी होतात, म्हणून पोहोचल्याच दिवशी स्थानकावरच्या वेळापत्रकाचे छायाचित्र काढून ठेवावे. डोंगरातल्या हाल्की, फिलोती, आपिरान्थोस या गावांना जाणाऱ्या बस मोजक्या आहेत. आम्ही दोन दिवस मोटार भाड्याने घेतली. त्यासाठी भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयातून काढून न्यावा लागतो. आपिरान्थोस हे संगमरवरी फरसबंदीचे गाव मला इतके आवडले की तिथे एक रात्र न राहिल्याची चुटपुट लागली आहे, पण सगळा मुक्काम डोंगरात ठेवू नये. समुद्रासाठी रोज वळणावळणाच्या रस्त्याने तास-तासभर प्रवास करावा लागेल.

भारतातून जाणाऱ्यांनी आरक्षणाची एक बाजू विशेष सांभाळावी. ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या आरक्षणांचे पुरावे आणि किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण द्यावे लागते, म्हणजे व्हिसा मिळण्याआधीच जागा ठरवावी लागते. त्यामुळे पहिले आरक्षण विनाशुल्क रद्द करता येईल असेच घ्यावे, आणि रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या अपेक्षित तारखेनंतरची आहे याची खात्री करावी. दुसरे म्हणजे ग्रीसमध्ये निवासावर हवामान संकटासाठीचे सरकारी शुल्क आहे. ते माणशी नसून खोलीमागे दर रात्री आकारतात आणि एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ते जास्त असते. 2025 पासून हॉटेलांसाठी ते या काळात दर्जानुसार 2 ते 15 युरोंपर्यंत आहे. संकेतस्थळावर दाखवलेल्या भाड्यात ते अनेकदा धरलेले नसते आणि पोहोचल्यावर द्यावे लागते. आठ रात्री आणि दोन खोल्या असा हिशेब केला तर ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

बेटावरची शेवटची रात्र कोणती, याचाही विचार आरक्षणाच्या वेळीच करावा. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठ्या जहाजाने नाक्सोसला पाच-साडेपाच तास लागतात. वेगवान बोटी लवकर पोहोचवतात, परंतु वारा वाढला की सर्वांत आधी त्याच बंद होतात. आमच्या परतीच्या आदल्या दिवशी वेगवान बोटींच्या फेऱ्या रद्द झाल्या आणि त्याच रात्रीचे विमान असलेले एक कुटुंब धक्क्यावर हवालदिल होऊन उभे होते. आम्ही मोठ्या जहाजाचे तिकीट काढले होते आणि शेवटची रात्र अथेन्सला ठेवली होती. 2022 पासून पिरेयसहून विमानतळापर्यंत गाडी न बदलता मेट्रोने जाता येते, त्यामुळे त्या मार्गावरच्या एखाद्या स्थानकाजवळ, उद्वाहक असलेल्या इमारतीत खोली घेतली की सामानाची ओढाताण होत नाही. ही खोली निवडताना मात्र सासूबाईंनी स्वतः फोनवर विचारून घ्यायला लावले की दारापर्यंत पायऱ्या किती आहेत. उत्तर आले, दोन.