तुम्ही विचारलंत म्हणून: मालती पांडेच का?

"एवढी मोठमोठी नावं असताना तुमच्या तोंडी सारखं मालती पांड्यांचंच नाव कसं?" सुगम संगीताच्या वर्गात नवी तुकडी आली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. कधी विद्यार्थिनी विचारतात, कधी त्यांना न्यायला आलेल्या आया. वर्गात वेळ नसतो, म्हणून मी "आधी ऐका तर खरं" म्हणते आणि पेटी पुढे ओढते. पण मालती पांडे या जुन्या भावगीत-गायिकेबद्दलचा हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो, त्याला उत्तरही नीट द्यायला हवं.

सुरुवात त्यांच्या एका गाण्यापासून करते, कारण माझीही तिथूनच झाली. 'लपविलास तू हिरवा चाफा'. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल प्रभाकर जोगांची. जोग पुढे 'गाणारं व्हायोलिन'मुळे घराघरांत पोचले. ही त्यांच्या अगदी सुरुवातीच्या चालींपैकी एक. हे गाणं मी लहानपणापासून ऐकत आले, पण ते दुसऱ्यांच्या तोंडून. गणपतीच्या मांडवात, भरत नाट्य मंदिरातल्या भावगीतांच्या कार्यक्रमांत, कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर. सगळीकडे ते एकाच तऱ्हेनं गायलं जायचं, थट्टेच्या सुरात. कुणाचं तरी गुपित फुटलंय आणि गाणारी त्याला चिडवते आहे. लोक हसायचे, टाळ्या पडायच्या, की लगेच पुढचं गाणं.

मूळ गाणं कानावर पडलं ते लग्नानंतर. दुपारची वेळ, मी मेथी निवडत बसले होते आणि आकाशवाणी पुणे चालू होतं. निवेदिकेनं गीतकार-संगीतकारांची नावं घेतली आणि शेवटी "गायिका, मालती पांडे". चाल तीच, शब्द तेच, पण चिडवणं कुठेच नव्हतं. प्रश्न होता, मात्र उत्तर आधीच कळलेल्या माणसाचा. प्रेम लपत नाही, हे तिनं स्वतः कधीतरी लपवून बघितलंय आणि आता दुसऱ्याकडे बघताना तिला ते सगळं आठवतंय, असं काहीतरी त्या आवाजात होतं. इतकी माया मी त्या गाण्यात तोवर ऐकली नव्हती.

ती माया येते कुठून, हे मी त्यानंतर पुष्कळदा शोधत बसले. गाणं शिकवणाऱ्या बाईला हा नाद असतोच. प्रत्येक कडवं शेवटी एका प्रश्नावर येऊन टेकतं. आमच्या वर्गात तिथे हमखास काय होतं, तर 'का' ताणला जातो, त्यावर एक मुरकी, म्हणजे सुरांची छोटीशी झटपट गिरकी, येते, मान तिरकी होते. मालतीबाई हे करत नाहीत. त्यांचा 'का' हळूच खाली ठेवलेला असतो. उत्तर मागण्याची घाई नाही, ऐकणाऱ्याला अडचणीत पकडल्याचा आनंद नाही. आवाज सरळ आणि पातळ, कुठेही फुगवलेला नाही, आणि शब्दाच्या पुढे धावत नाही. हे सोपं वाटतं, पण करून बघा. रिकाम्या जागेत काहीच न भरता सूर लावून थांबणं शिकायला माझ्या चांगल्या चांगल्या विद्यार्थिनींना वर्षं लागतात.

यात एक भाग त्या काळच्या तबकडीचाही आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. त्यातच गाण्याच्या सुरुवातीचं संगीत, कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे, सगळं. आलापाला जागा कुठली? जे सांगायचं ते शब्दातच सांगायला लागायचं. त्या शिस्तीत वाढलेल्या पिढीचं गाणं म्हणून मला मालतीबाईंचं गाणं ऐकायला फार आवडतं. कमी जागेत त्यांना अवघडल्यासारखं कधी होत नाही.

आणि गदिमांचा तो हिरवा चाफा! हल्ली मुलींना तो माहीत नसतो, देवचाफा किंवा सोनचाफा डोळ्यासमोर येतो, म्हणून मुद्दाम सांगते. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. त्याचं झुडूप आधार मिळाला की वेलीसारखं वर चढतं, आणि चढतं ते फुलाच्या देठाच्या आकड्यानं. देठ वाकडा होऊन फांदीला अडकतो. फूल सुरुवातीला पानाच्याच रंगाचं असतं. झाडासमोर उभं राहा, दिसणार नाही. मग पाकळ्या पिवळसर व्हायला लागतात आणि पिकलेल्या फळासारखा असा काही वास सुटतो की फाटकातून आत येणारा माणूस विचारतो, "हिरवा चाफा आहे का हो तुमच्याकडे?" डेक्कनला माझ्या मावशीच्या जुन्या बंगल्यात विहिरीच्या कठड्याशी एक होता. आम्ही मुली वासाच्या मागानं पानं उलटत बसायचो. फूल हातात यायचं तेव्हा ते आधीच पिवळं पडायला लागलेलं असायचं. गदिमांनी बाकीची सगळी फुलं सोडून हेच का घेतलं, ते त्या झाडाशी उभं राहिल्यावर कळतं. लपायची सगळी सोय निसर्गानं करून दिली आहे, तरी ते लपत नाही. मालतीबाई गातात तेव्हा मला वाटतं, या बाईनं हे फूल हुंगलेलं आहे.

त्यानंतर मी त्यांचं मिळेल ते ऐकत सुटले. 'त्या तिथे, पलिकडे, तिकडे' हे गदिमा आणि सुधीर फडके या जोडीचं गाणं. शब्द प्रियकराचे, प्रियेच्या झोपडीकडे बोट दाखवणारे, आणि गाते एक बाई. हे कुणाला खटकलेलं मी तरी ऐकलं नाही. मालतीबाई पुरुषी होत नाहीत, नाटक करत नाहीत, नुसती ओढ तेवढी गातात, आणि ओढ कुणाचीही असू शकते. मग अनिल भारतींचे शब्द आणि मधुकर पाठकांची चाल असलेलं 'खेड्यामधले घर कौलारू'. हे तर तुम्हाला पाठच असेल. आजीचं आवडतं म्हणून, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलं म्हणून. गायिकेचं नाव मात्र दहातल्या नऊ जणींना सांगता येत नाही, आणि मला खरी खंत वाटते ती इथे.

असं का झालं असावं? माझ्या मते गुण कमी पडले म्हणून नव्हे. आपल्याकडे आवाज लक्षात राहतो तो सिनेमामुळे. पडद्यावर चेहरा असतो, पोस्टर असतं, कथा असते. भावगीत गाणारीकडे फक्त रेडिओ आणि तबकडी. पुण्याचं आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं आणि दीड वर्षात, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. छप्पन्न गाणी, दर आठवड्याला नवं. त्या मूळ प्रक्षेपणात वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते, आणि त्यात मालती पांडेही होत्या. पुढे बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, ती सगळी गाणी एकट्यानं गायली, गावोगाव नेली, त्यांच्या तबकड्या घराघरांत आल्या. ते गाणं थोरच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण लोकांच्या कानात तेच राहिलं, आणि रेडिओवर एकदा गाऊन गेलेल्या त्या सगळ्या बायकांचे आवाज मागे पडले.

मालतीबाईंचं लग्न गायक पद्माकर बर्वे यांच्याशी झालं, म्हणून काही ठिकाणी त्यांचं नाव मालती पांडे-बर्वे असंही दिसतं. शोधताना दोन्ही नावांनी शोधा. 'मुघल-ए-आझम'च्या रंगमंचीय प्रयोगात अनारकली झालेली प्रियांका बर्वे ही त्यांची नात. वर्गात हे सांगितलं की मुलींचे डोळे चमकतात, लगेच मोबाइल बाहेर येतात. मला त्याचा आनंदच आहे. नातीच्या हाताला धरून का होईना, आजीपर्यंत पोचा.

तर मालती पांडेच का, याचं माझं उत्तर हे, की प्रेमाचं गाणं सजवल्याशिवाय गाता येतं हे मी त्यांच्याकडून ऐकलं आणि आता तेच शिकवायला धडपडते. येत्या आठवड्यात वर्गात आपण 'हिरवा चाफा' घेणार आहोत. येण्याआधी मूळ गाणं दोनदा ऐकून या, एकदा शब्दांसाठी आणि एकदा नुसतं प्रत्येक ओळ संपते कुठे ते बघायला. मुरक्या घरी ठेवून या. आणि पुढे कधी कार्यक्रमात हे गाणं म्हणालात, तर माइकवर गदिमा आणि जोगांच्या बरोबरीनं मालती पांड्यांचंही नाव घ्या.