तुम्ही विचारलंत म्हणून : एक्केचाळीस सीसी जास्त

मेढ्याच्या पंपावरचा मुलगा टाकी भरता भरता विचारतो, "मॅडम, नवी कधी घेताय?" गोठ्यात म्हशीच्या पोटावर हात ठेवून मी पोटाची हालचाल मोजत असते, तेवढ्यात मालकाचा कॉलेजातला मुलगा बाहेर लावलेल्या गाडीला प्रदक्षिणा घालून येतो आणि तेच विचारतो. फोनवरही आठवड्याला एखादा मेसेज असतोच. माझ्याकडे रॉयल एनफील्डची जुनी हिमालयन आहे, ४११ सीसीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी ४५० आली. इंजिन मोठं, ताकद जास्त. मग बदलायची का?

बरेच दिवस मी "नाही" म्हणून सुटत होते. नवी चालवलीच नव्हती, त्यामुळे त्या उत्तराला फार अर्थ नव्हता. गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आपली साडेचारशे घेऊन आला आणि दोन दिवस आम्ही चाव्या बदलल्या. आता नीट सांगते.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. मी जनावरांची डॉक्टर. सातारा आणि जावळी तालुक्यातल्या गावांत फिरते. गाडी २०१८ ची, मीटरवर एकसष्ट हजार. मागे पत्र्याची पेटी, त्यात औषधं, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि बर्फाच्या डब्यात लसी. या गाडीला लोक म्हैस म्हणतात. म्हैस साडेचारशे किलोची असते, हे मी खात्रीने सांगू शकते. गाडी दोनशेच्या आतबाहेर आहे आणि नवीही तेवढीच, १९६ किलो.

आता ते मोठं इंजिन. जुनं ४११, नवं ४५२. म्हणजे एक्केचाळीस सीसी जास्त, म्हणजेच एक्केचाळीस मिलिलिटर. टपरीवरचा कटिंगसुद्धा याहून मोठा असतो. तरीही जुनीची ताकद साडेचोवीस बीएचपी, म्हणजे अश्वशक्ती, आणि नवीची चाळीसच्या घरात. एवढ्याशा घोटात पंधरा घोडे कुठून आले? हे ज्याला कळलं त्याला अर्धं उत्तर तिथेच मिळतं, म्हणून जरा थांबते.

जुन्या इंजिनात पिस्टनची रुंदी ७८ मिलिमीटर आणि तो वरखाली चालतो ८६ मिलिमीटर. गावच्या हातपंपावर दोन तऱ्हेची माणसं असतात. एक दांडा पार खालपर्यंत दाबतो, सावकाश, पण प्रत्येक दाबाला घागरीत चांगली धार पडते. माझी गाडी तशी. तिचा पूर्ण जोर, ३२ न्यूटन-मीटर, मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांवरच मिळून जातो. नव्या इंजिनात पिस्टन रुंद, ८४ मिलिमीटर, आणि चाल त्याहून कमी, साडेएक्क्याऐंशी. जोर ४० न्यूटन-मीटर, पण तो साडेपाच हजारांवर, आणि खरी ताकद पार आठ हजारांवर. हा भराभर दांडा हलवणारा गडी. इतक्या वेगाने फिरायचं तर इंजिन थंड ठेवायला हवेवर आणि तेलावर भागत नाही, म्हणून रेडिएटर आला, हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह दोनाऐवजी चार आले, सहावा गिअर आला. ताकद म्हणजे एका फेऱ्यातला जोर गुणिले मिनिटाचे फेरे. नवीने दोन्ही वाढवले.

पटत नसेल तर त्याच कंपनीची स्क्रॅम ४४० बघा. जुन्या घराण्यातलंच इंजिन वाढवून ४४३ सीसीचं केलंय. साडेचारशेपेक्षा फक्त नऊ सीसी कमी, आणि ताकद पंचविसाच्या आसपासच. तेव्हा टाकीवर किंवा नावात लिहिलेला आकडा बघून गाडी जोखू नका.

पहिल्या दिवशी नवी घेऊन यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला लागले, बामणोलीकडे. वळणं अशी की समोरून एसटी आली तर आपण जवळपास थांबतोच. माझी जुनी अशा वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता धुगधुगत फिरते आणि तिथूनच पुन्हा चढ ओढते. नवीला त्याच जागी, त्याच गिअरमध्ये मी सवयीने तसंच वळवलं आणि तिने दोन हिसके दिले. गिअर उतरवा, मग बघा कशी सुटते. सुटते म्हणजे काय, सुसाटच. पण मला वळणावर सुटायचं नव्हतं, मागे लसींचा डबा होता. दुपारपर्यंत हात बसला. तीन हजार फेऱ्यांच्या खाली तिला येऊ द्यायचं नाही एवढं कळलं. तरी परत येताना लक्षात आलं की सकाळपासून मी गिअरच बदलतेय.

बामणोलीला वासोट्याच्या बोटी लागतात तिकडे उतार आहे. तिथे गाडी उभी करून वळवताना माझा पाय अधांतरी गेला. माझी उंची पाच फूट तीन इंच. जुनीची सीट ८०० मिलिमीटरवर, नवीची ८२५ वर. कागदावर एक इंच. सपाट रस्त्यावर तो कळतही नाही. उतारावर, ओल्या मातीत, मागे पेटी असताना त्या इंचासाठी मी एका नावाड्याला हाक मारली. त्याने मागचा दांडा धरला आणि विचारलं, "नवी घेतली का मॅडम?" खाली बसायची सीट वेगळी मिळते, ती लावून बघायला हवी, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले आणि संध्याकाळी परत आले. इथे मी माझ्याच गाडीच्या विरोधात साक्ष देणार आहे. महामार्गावर माझी ऐंशी-नव्वदला मजेत असते. शंभरच्या पुढे हातापायाला मुंग्या येतात आणि ट्रकला ओलांडायचं तर आधी दोनदा आरशात बघून मनाशी हिशेब करावा लागतो. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ लागतो. तिथे उसाच्या ट्रॉलीमागे मी कित्येकदा मुकाट्याने धूर खाल्लाय. नवीने तो घाट असा उचलला की वर पोचल्यावर मी एकटीच हेल्मेटमध्ये हसत होते. सहाव्या गिअरमध्ये एकशेदहाला ती गाते. ओलांडण्यातली ही सहजता केवळ हौसेची गोष्ट नाही. ट्रकच्या शेजारी जितके सेकंद कमी, तितकं बरं. सस्पेन्शन चांगलं, दिवा चांगला, डिस्प्लेवर नकाशा दिसतो. नकाशाची मला गरज नाही. आमच्याकडे पत्ता "पिंपळाच्या पुढे, जिथं काळी कुत्री भुंकते तिथं" असा असतो.

एका गोष्टीचा मात्र खरा मोह झाला, ती म्हणजे ट्यूबलेस चाकं. तारांची चाकं असूनही ट्यूबलेस, हा पर्याय साडेचारशेला नंतर आला आणि भाच्याने तो घेतलाय. माझ्या चाकांत ट्यूब आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी केळघरच्या पुढे रात्री आठला मागचं चाक बसलं. ट्यूबलेस असतं तर पंक्चरची वात खुपसून पंपाने हवा भरली असती. ट्यूब म्हणजे चाक काढा, टायर पट्ट्यांनी सोडवा, ट्यूब ओढा. अडलेली गाय मी सोडवू शकते, पण तो टायर नाही सोडवू शकले. दोन पोरं पिकअप घेऊन आली, त्यांनी गाडी वर चढवली आणि पैसे घेतले नाहीत. त्यांच्या रेडीवर मी पूर्वी उपचार केले होते.

पैशांचं पटकन सांगते, कारण त्यात समजून घेण्यासारखं थोडंच आहे. नवी आली तेव्हा सुरुवातीची किंमत शोरूमला २ लाख ६९ हजार होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा, सेस धरून ३१ होता, तो ४० झाला. त्यामुळे आता ती तीन लाखांच्या वर आहे, आरटीओ आणि विमा धरून साडेतीनच्या पुढे. माझी जुनी एक्स्चेंजला दिली तर लाखाच्या आसपास. म्हणजे खिशातून अडीच लाख. एवढ्यात दोन चांगल्या मुऱ्हा म्हशी येतात आणि त्या दूध तरी देतात. तुम्ही दीडशे-दोनशेच्या गाडीवरून उडी मारणार असाल तर थर्ड पार्टी विम्याचाही टप्पा बदलतो. २०२२ च्या दरांनी १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, त्यावर २,८०४.

मला विचारणाऱ्यांना मी हल्ली उलट एकच गोष्ट विचारते : गेल्या वर्षात गाडी कुठे चालली? बहुतेक जण लडाख सांगतात. जिथे जायचंय ते नको, जिथे गेलात ते सांगा. पेट्रोल भरलं की मी डायरीत मीटर लिहिते, शेजारी गावाचं नाव. गेल्या वर्षी साडेसात हजार किलोमीटर झाले. त्यात पुण्याच्या खेपा सहा, म्हणजे तेराशे किलोमीटर. बाकी सगळं चाळीसच्या वेगाचं, शेणाने निसरडं झालेलं, दर अर्ध्या तासाला थांबणारं. त्या सव्वासहा हजारांत साडेचारशेचे जास्तीचे घोडे मला एकदाही जुंपता आले नसते. भाचा दर शनिवारी महामार्गाला लागतो, त्याने घेतली ते बरोबरच केलं. त्याला मी उलटा सल्ला दिला असता तर ते वाईट झालं असतं. आणि ज्यांचा सगळा प्रवास घर ते ऑफिस, सिग्नल ते सिग्नल असा आहे, त्यांनी या दोन्हींच्या वाटेला कशाला जावं, मला समजत नाही. एकशेपंचवीस घ्या, उरलेल्या पैशांत खरंच लडाखला जाऊन या.

तेव्हा मी बदलणार नाही, निदान या वर्षी. चाव्या परत करताना भाच्याला वाटलं, मावशी नवीचं कौतुक करेल, केलंही. मग मी विचारलं, माझी कशी वाटली? त्याने डावा हात झटकला आणि म्हणाला, "बाकी मस्त आहे, पण मावशी, हा क्लच तू दिवसभर दाबतेस?" त्याच्या गाडीचा क्लच स्लिप-असिस्टचा, दोन बोटांत दबतो. माझ्या मनगटाला गेल्या हिवाळ्यापासून सकाळी पट्टा बांधावा लागतोय, हे मी त्याला सांगितलं नाही.