मे महिन्यातला शिलोंडा: फुलपाखरं बघायची तर ओल शोधा

मे महिन्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फुलपाखरं बघायला चाललोय म्हटलं की सगळे सांगतात पावसानंतर जा, आत्ता काय आहे तिथे. पावसानंतर जास्त असतात हे खरंच, पण आत्ता पाणी कमी म्हणून ती ओलीच्या जागी गोळा होतात आणि नीट बघता येतात.

पार्कातल्या शिलोंडा ट्रेलवरचा ओढा आटत आलाय, खडकांमध्ये थोडी डबकी आणि कडेला ओली वाळू, बस. तिथेच कॉमन जे आणि ब्लूबॉटल जातीची फुलपाखरं सोंड लावून बसलेली, काय सुंदर दिसतात! हे चिखलपान करणारे बहुतेक नरच असतात, मातीतले क्षार शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी ते मादीला देतात. जवळ जायचं तर खाली बसून हळूहळू सरका, आपली सावली अजिबात पडू देऊ नका, पडली की सगळे भुर्रकन उडतात. पण उडाले तरी जागेवरून हलू नका, थोड्या वेळाने परत तिथेच येतात.

उंबर दिसलं की खालचा फळांचा सडा नक्की बघा. कॉमन बॅरन, ब्लू ओकलीफ वगैरे मंडळी फुलांवर फारशी जातच नाहीत, त्यांना सडकी फळं आणि झाडाचा चीक आवडतो. ओकलीफ पंख मिटून बसलं की हुबेहूब वाळकं पान, उघडले की निळा रंग आणि त्यावर फिकट निळसर-पांढरा पट्टा.

फुलांमध्ये सध्या पांढरा कुडा आणि बहावा. बहाव्याचे घोस सगळेच बघतात, तुम्ही कोवळी पानंही बघा, कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या हिरव्या अळ्या त्यावरच वाढतात. आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी मात्र 2024 ला फुलून गेली, आता थेट 2032.

जाणाऱ्यांसाठी: या ट्रेलला परवानगी आणि सोबत गाईड लागतो, पार्कात आधी चौकशी करून ठेवा. बोरिवली स्टेशनवरून पूर्वेला गेट चालत जाण्यासारखं आहे. सकाळी लवकर आत शिरा, ऊन जरा तापलं की फुलपाखरं हलायला लागतात आणि दुपारी आपलेच हाल होतात. फुल बाह्या, बूट, भरपूर पाणी. बिबट्यांचं जंगल आहे, ग्रुप सोडून एकटं रेंगाळू नका. आणि सोमवारी पार्क बंद असतं.