केसगळतीची बायॉप्सी आडवीच कापा, प्लीज

हिस्टोपॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, स्किनचा तुकडा आला की ग्रॉसिंग (तुकडा कापून तपासणीसाठी तयार करणं) करणाऱ्याचा हात आपोआप उभा काप घ्यायला जातो, सवयच असते ती. पण केसगळतीसाठी डोक्याचा एकच पंच (गोल पात्याने काढलेला छोटा तुकडा) आला असेल आणि तोही उभाच कापला तर जेमतेम 10-15 टक्के फॉलिकल (केस जिथून उगवतो त्या पिशव्या) स्लाइडवर दिसतात, बाकीचे गेले ते गेलेच, आणि पेशंटला परत डोक्यात भोक पाडून घ्या म्हणून सांगणं अगदी जिवावर येतं.

आडवं कापलं की कसं, कोथिंबिरीची जुडी मधोमध कापल्यावर प्रत्येक काडीचं तोंड दिसतं ना, तसे 4 मिमीच्या पंचमधले सगळे फॉलिकल एकाच सेक्शनमध्ये मोजता येतात. त्वचेच्या पॅथॉलॉजीतल्या हेडिंग्टननी 1984 मध्ये याच आडव्या सेक्शनवर पेपर लिहिला, म्हणजे हे काही नवीन फॅड नाहीये.

आणि मोजायचं कशाला, तर जाड केस आणि बारीक लव यांचं प्रमाण नॉर्मल डोक्यात साधारण 7:1 असतं, पॅटर्न हेअर लॉसमध्ये (आनुवंशिक टक्कल पडण्याचा प्रकार) ते 4:1 च्या खाली येतं. टेलोजेन एफ्लुव्हियममध्ये (एकदम खूप केस गळण्याचा प्रकार) प्रमाण ठीकच असतं, फक्त टेलोजेनमधले, म्हणजे वाढ थांबून विश्रांतीत गेलेले केस वाढलेले दिसतात. पेशंट दोन्हीत एकच सांगते, केस विरळ झालेत, पण उपचार आणि पुढचं सगळं वेगळं, म्हणून इतका जीव तुटतो हो.

पद्धत अवघड नाही. चरबी आणि डर्मिसच्या (त्वचेचा आतला थर) सीमेच्या साधारण 1 मिमी वर आडवा काप द्यायचा, कापलेल्या दोन्ही तोंडांना शाई लावायची आणि एम्बेड करताना (मेणात बसवताना) शाईची बाजू खाली ठेवायची, मग मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) सेक्शन घेत गेलं की एका तुकड्यात आपण स्किनकडे वर जातो आणि दुसऱ्यात बल्बकडे (केसाच्या मुळाच्या गाठीकडे) खाली. दोन्ही टोकं लागतातच, कारण अ‍ॅलोपेशिया अरिआटात (चाई) लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बल्बभोवती गोळा होतात, लायकेन प्लॅनोपिलारिसमध्ये (व्रण पाडणारी केसगळती) फॉलिकलच्या वरच्या भागात.

डर्मॅटॉलॉजिस्ट मंडळींना एवढंच सांगणं, पंच चरबीपर्यंत जाऊ द्या, जमलं तर दोन पाठवा म्हणजे एक उभा एक आडवा करता येतो, फॉर्मवर नुसतं 'स्किन बायॉप्सी' न लिहिता 'स्कॅल्प, केसगळती' लिहा, आणि इम्युनोफ्लुरोसन्सचा (अँटिबॉडी चमकवून शोधणारी तपासणी) तुकडा फॉर्मॅलिनमध्ये अजिबात टाकू नका, तो मिशेल्स मीडियममध्येच (अशा तुकड्यांसाठीचं खास द्रावण) पाठवा.