मामांना सांगितलं, मला नाही

शुक्रवार, रात्री साडेअकरा

राग आलाय की वाईट वाटतंय, ते दिवसभर ठरलं नाही. ऑफिसात दोन बिलं चुकीच्या फाईलला लावली. आक्कांनी विचारलं, “काय गं, तोंड का उतरलंय?” पित्त झालंय म्हणाले. आमच्याकडं पित्तावर सगळं भागतं.

सकाळी राणूला शाळेच्या रिक्षात बसवलं आणि रिक्षावाले मामा हळूच म्हणाले, “वैनी, पोरगी रात्रीची लई भितीया की वो. कपाटातनं कोन तरी आसूड ओढतंय म्हनत हुती.” लगेच जीभ चावली. “घरात सांगू नका म्हनली हुती. मी काय बोललोच न्हाई असं समजा.”

कसं समजू?

आसूड कुठून आला ते कळायला वेळ लागला नाही. आषाढ चालू आहे. टेंबलाई देवीला पाणी घालायला गल्लोगल्लीतून मंडळी निघाली आहेत, दिवसभर पी-ढबाक वाद्यांचा आवाज कानात. गेल्या मंगळवारी पोतराज अगदी दारात आला, आसूड कडाडला आणि राणू आक्कांच्या पदरामागं गेली. मग हसली. हसली म्हणून मी सोडून दिलं. रात्री विचारलं होतं, भ्यालीस का? “मी कशाला भितो? मी मोठी झालो की आता.” असं म्हणून कूस बदलली.

आणि मामांना सांगितलं.

एरवी मी या विषयात कुणालाही शिकवीन इतकं वाचलंय. तिला वेगळी खोली दिली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. एकदम बाहेर पडायचं नाही. आधी खुर्ची पलंगाला लावून बसायचं, काही दिवसांनी खोलीच्या मधोमध, मग उंबऱ्याशी. रोज तोच क्रम, दात, गोष्ट, दिवा, आणि गोष्टीत राक्षस नको. झिरोचा बल्ब पिवळा घेतला, कारण पांढऱ्या झगझगीत उजेडानं झोप लांबते. (झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॅटच्या आसपास खातो, हे सांगून ह्यांनी तेवढ्यात वीजबिलाचा विषय काढलाच.) झोपल्यावर तासा-दोन तासांत मूल किंचाळत उठलं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही, तर ते गाढ झोपेतलं असतं. हलवून जागं करायचं नाही, लागणार नाही एवढं बघायचं. वाईट स्वप्न बहुतेक पहाटेकडं पडतं आणि ते आठवतं, म्हणून मूल आपल्याला हाक मारतं. हाक आली की जायचं, जवळ घ्यायचं आणि पुन्हा तिच्याच पलंगावर निजवायचं. सहा वर्षांच्या पुढं नऊ ते बारा तास झोप लागते, तीही मी मोजते.

हाकच आली नाही तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे ती जागी असणार, कपाटाकडं बघत. मी इकडं भिंतीपलीकडं, पोरगी एकटी झोपायला लागली म्हणून सगळ्यांना फोनवर सांगत होते. सोलापूरच्या मावशींना तर दोनदा सांगितलं.

वेगळी खोली का द्यावी लागली, ते इथं लिहीत नाही. मीच लहानपणी कधी एकटी झोपले नाही. शिवाजी पेठेतल्या घरात सोप्यावर ओळीनं अंथरुणं, कडेला कोण यावरून रोज भांडण, आणि आजोबांच्या घोरण्याला जगातलं कुठलंही भूत टिकलं नसतं. भीती असायची, पण ती ओळीत वाटली जायची.

रात्री जेवताना बातम्या लावल्या होत्या. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी किती फुटांवर, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, अजून किती बाकी. दाजींचा फोन आला, गाडी वर लावून ठेवा. आक्का म्हणाल्या, २०१९ ला ५५ च्या वर गेलं होतं, २०२१ ला परत तेच, मला तर झोपच लागत नाही पाऊस ऐकला की. राणू आमटी-भात कालवत ऐकत होती. आम्ही चार मोठी माणसं बिनदिक्कत घाबरत होतो, कारण आमच्या भीतीला फूट आणि इंच आहेत. तिच्या कपाटाला कुठली पट्टी लावायची? तिला कुणी म्हटलं नसेल की भीती सांगायची नसते. पण “माझी राणू शूर!” असं मी रोज सकाळी म्हणते. शूर माणसानं मग सांगायचं तरी कुणाला? साहजिकच, ज्याला शूर-बिर काही नको, फक्त पोरगी वेळेत फाटकावर हवी, त्याला.

हे सुचलं तेव्हा जरा सैल झाले. तरी टोचतंय. मला का नाही?

मघाशी घड्या केलेले कपडे ठेवायला तिच्या खोलीत गेले. कपाटाच्या दाराला वहीचा कागद चिकटवलेला. चार दिवस तिथंच होता, शाळेचं काहीतरी असेल म्हणून मी वाचलाच नव्हता. स्केचपेनानं, लाल:

“येथे भूत लावू नये. लावल्यास हवा सोडन्यात येईल.”

बाजूला पंक्चर झालेलं एक भूत, भोक पाडून बाणानं दाखवलेलं. समोरच्या बंगल्याच्या फाटकावरची पाटी ती रोज रिक्षाची वाट बघताना वाचते. ही अक्कल मामांचीच असणार. माझ्या खुर्चीला उंबऱ्यापर्यंत पोचायला महिना लागला, मामांचं काम एका पाटीत!

हसू आवरेना. बेडशीट तोंडाला लावून हसले. राणू पांघरुणातून बघत होती.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“मामा म्हणाले भुताला वाचता येतंय.”

“येत असेल.”

“मग बरोबर लिहिलो का मी?”

सोडण्यात, बाणातला ण, म्हणाले. ती उठली, पेन शोधलं, खोडून नीट केलं. मग आसूड कसा वाजतो ते दाखवलं, जिभेनं, दोनदा. दुसऱ्यांदा जास्त जोरात. मी म्हटलं, दचकले गं मी. तिला ते फार आवडलं. आणखी तीनदा दचकवलंन् आणि म्हणाली, “आता जा. खुर्ची नको. दार उघडं राहू दे.”

मामांना विचारायला पाहिजे, ह्यांच्या घोरण्यावर काही पाटी आहे का.