सफरचंदाच्या फांदीवरचं दगडफूल: ओळखायचं कसं आणि काढायचं का नाही

इंग्लंडमध्ये घर घेतलं की मागे छोटी का होईना, बाग येते. पहिल्या हिवाळ्यात पानं गळाली की सफरचंदाच्या, प्लमच्या फांद्यांवर राखाडी, हिरवट, पिवळे पापुद्रे दिसायला लागतात. मग इकडे आलेल्या मराठी मंडळींचा प्रश्न ठरलेला: झाडाला रोग लागलाय का, आणि काय फवारायचं? हे दगडफूल आहे, म्हणजे लायकेन. तो रोग नाही आणि त्यावर फवारण्यासारखं काहीही नाही.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि तिच्या आत राहणारं शैवाल यांची जोडी. बुरशी शरीर उभं करते आणि ओलावा धरते, शैवाल उन्हात अन्न तयार करतं. काही जातींत शैवालाऐवजी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हात अन्न बनवणारे जिवाणू असतात. पाणी आणि खनिजं येतात पावसातून, धुक्यातून, हवेतल्या धुळीतून. खालच्या बाजूला मुळांसारखे धागे दिसतात, पण ते फक्त पकड घेण्यासाठी असतात. झाडाचा रस ते ओढत नाहीत. म्हणून तर तेच दगडफूल विटेवर आणि स्लेटच्या छपरावरही वाढतं.

पण मरगळलेल्या झाडावरच ते जास्त का दिसतं? लोक इथेच फसतात. झाडाची वाढ मंदावली की पानं विरळ होतात, फांद्यांवर ऊन पोचतं, साल वर्षानुवर्षं तशीच राहते आणि दगडफुलाला वाढायला वेळ मिळतो. म्हणजे आधी झाड मंदावतं, मग दगडफूल पसरतं. तेव्हा लक्ष खाली, मातीकडे द्या. पाणी साचतंय का, माती तुडवून घट्ट झाली आहे का, गवत थेट खोडाला भिडलंय का ते बघा. खोडाभोवतीचं अर्धा ते एक मीटरपर्यंतचं गवत काढा आणि तिथे कुजलेल्या कंपोस्टचा 5 ते 7 सेंटिमीटर थर द्या. थर खोडाला टेकू देऊ नका, नाहीतर साल सडते. दगडफूल मात्र खरवडू नका. त्यात साल दुखावते आणि त्या जखमेतून कँकरसारखा खरा रोग आत शिरतो.

ओळखायला दोनच वस्तू लागतात: 10 पट मोठं दाखवणारं भिंग आणि पाण्याची फवारणीची बाटली. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरा आणि मग फांदीच्या जवळ जा. भिंग हातात लांब धरलं तर काहीच नीट दिसत नाही. आधी कोरडं दगडफूल बघा, मग दोन-तीन फवारे मारून एखादं मिनिट थांबा. वरचा थर ओला झाला की पारदर्शक होतो, आतलं शैवाल दिसायला लागतं आणि राखाडी पापुद्रा डोळ्यांदेखत हिरवा होतो. मॉसला, म्हणजे ओल्या जागी वाढणाऱ्या मखमली हिरव्या वनस्पतीला, बारीक पानं असतात, दगडफुलाला नसतात. खोडावर बोटाला लागणारी नुसती हिरवी भुकटी असेल तर ते बहुधा साधं शैवाल. गंजासारखी केशरी भुकटी दिसली तर ते ट्रेंटेपोहलिया. रंग केशरी असला तरी तेही हिरव्या शैवालांतलंच.

घडणीवरून ढोबळ तीन गट पडतात. पहिला, पृष्ठभागाशी एकजीव झालेला, जो सुरीनेही अखंड सुटत नाही. फरशीवर चिकटलेल्या च्युइंगगमसारखे फिकट गोल डाग दिसतात, ते बहुतेक वेळा लेकानोरा म्युरालिस. दुसरा पानांसारखा, ज्याच्या कडा नखाने हलक्या उचलता येतात. तिसरा झुडपासारखा, एकाच बिंदूला धरून लोंबणारा किंवा उभा राहणारा.

बागेत सर्वात आधी नजरेत भरतं ते झँथोरिया परायटिना. उन्हात पिवळं-केशरी, सावलीत हिरवट-राखाडी, आणि मध्यभागी दाटीने बसलेल्या केशरी चकत्या. या चकत्यांतून बुरशीचे बीजाणू बाहेर पडतात. त्याच्याच शेजारी बऱ्याचदा करड्या रंगाचं, नखाएवढं फिशिया असतं, आणि भिंगाची खरी मजा इथे आहे. फिशिया अडसेंडेन्सच्या टोकांवर फुगीर टोप्या असतात आणि टोपीच्या आत पिठासारखी भुकटी. जवळजवळ तसंच दिसणाऱ्या फिशिया टेनेलाची टोकं ओठासारखी मागे वळलेली असतात. दोघांच्याही कडांना लांब केस. त्या भुकटीच्या प्रत्येक कणात बुरशी आणि शैवाल दोन्ही असतात, त्यामुळे कण जिथे पडेल तिथे जोडी सोबतच रुजते.

पार्मेलिया सल्काटाच्या राखाडी पानांवर पांढऱ्या रेषांची जाळी असते. एव्हर्निया प्रुनास्ट्रीच्या मऊ, चपट्या पट्ट्या वरून हिरवट आणि खालून पांढऱ्या असतात. दाढीसारखं लोंबणारं उस्निया ओळखायचं असेल तर झाडावरचं तोडू नका, खाली पडलेला तुकडा घ्या. ओली काडी दोन्हीकडून हळूच ताणली की बाहेरची साल तुटते आणि आतला पांढरा, लवचीक दोरा दिसतो.

दगडफूल दिसलं म्हणजे हवा शुद्ध, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कोणतं दगडफूल आहे, ते महत्त्वाचं. दगडफुलांचे अभ्यासक विल्यम न्यूलँडर यांनी 1866 साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांचा हवेशी संबंध दाखवला. 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या ब्रिटिश अभ्यासकांनी इंग्लंड-वेल्ससाठी खोडावरच्या जातींवरून गंधक डायऑक्साइडचं प्रमाण अंदाजण्याची मोजपट्टी दिली. कोळशाच्या धुरातही लेकानोरा कोनिझिऑइड्स ही जात खोडांवर भरपूर माजायची. हवेतलं गंधक घटत गेलं, तशी तीच दुर्मीळ झाली. आज चित्र वेगळं आहे. केशरी झँथोरिया आणि फिशियाचीच गर्दी असेल तर हवेत नायट्रोजन, विशेषतः अमोनिया, जास्त असण्याची शक्यता आहे. उस्निया दिसलं तर मात्र मनापासून आनंद माना, त्याला गंधकाची हवा सोसत नाही.

फरशीवर पाय घसरतो तो बहुतेक वेळा शैवालामुळे. चालण्याची वाट तेवढी कडक ब्रशने कोरडी घासा, बाकीचा दगड राहू द्या. प्रेशर वॉशरने सांध्यांतला मसाला निघतो, मग त्या फटींत तण उगवतं. विषारी फवारे मारू नका: दगडफुलावर पोसणाऱ्या फुटमन पतंगांच्या अळ्या त्यात मरतात. लांब शेपटीची टिट ही चिमुकली चिमणीसारखी पाखरं आपलं घरटं मॉस आणि कोळ्याच्या जाळ्याने विणून बाहेरून दगडफुलाचे बारीक तुकडे लावतात, त्यांनाही दगडफूल लागतं.

छाटणी करताना जुन्या, दगडफुलाने भरलेल्या फांद्या सरसकट काढू नका. रोगट आणि एकमेकांवर घासणाऱ्या तेवढ्या कापा. कापलेल्या फांद्या जाळण्याऐवजी कुंपणाच्या कडेला, ऊन येईल तिथे रचून ठेवा. वाढ बघायची असेल तर एकच पापुद्रा निवडा, शेजारी पट्टी धरून दरवर्षी त्याच महिन्यात फोटो काढा, आणि दर वेळी तो कोरडा असतानाच काढा. पानांसारख्या जाती वर्षाला काही मिलिमीटर सरकतात, दगडाशी एकजीव झालेल्या अनेक जाती एक मिलिमीटरही नाही.