पागोळ्यांचं पाणी कुठे जातं

शनिवार, रात्री. पाऊस थांबून थांबून.

वर्गातल्या मुलांच्या निसर्गवह्यांचा गठ्ठा घरी आणलाय. लाल पेन मुद्दाम शाळेत ठेवून आले. या वहीत ऱ्हस्व-दीर्घ मी बघत नाही. त्यावरून शाळेत वाद होतो, होऊ दे. खेकडा लिहिताना काय चुकेल याचीच ज्याला धास्ती, तो खेकड्याकडे बघेल कशाला?

नियम एकच. दिसलं, ऐकलं, मोजलं तेवढंच लिहायचं. 'निसर्ग आपला मित्र आहे' असं वाक्य आलं की मी खाली विचारते, कुठे भेटला? निबंधाची सवय इतकी मुरलीय की घरामागच्या पऱ्याला, म्हणजे पावसाळी ओढ्यालासुद्धा मुलं 'झुळझुळ वाहणारा झरा' म्हणतात. हाच पऱ्या आषाढात लाल होऊन गडगडतो, गुरं ओलांडायला बिचकतात.

आज सड्यावर, कातळाच्या पठारावर, गेलो होतो. कातळावर जिथे पाणी साचतं तिथे सीतेची आसवं फुललीत. तोडायचं नाही, चित्र काढायचं, हे आता सांगावं लागत नाही. या झाडाच्या मुळांच्या जागी बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि झाड ते पचवतं, एवढं सांगायचा अवकाश, सगळे मुलगे ओल्या कातळावर पालथे. घरी आयांनी काय ऐकवलं असेल ते सोमवारी कळेलच.

पाणलोट क्षेत्र म्हणजे जिथला पाऊस एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळतो ती सगळी जमीन, ही व्याख्या पाठ होती सगळ्यांना. म्हणून गेल्या आठवड्यात काम दिलं होतं: आपल्या घराच्या पागोळ्यांचं पाणी कुठे जातं ते बघून या. सहावीतल्या एकीने लिहिलंय, "आमच्या आढ्याच्या हिकडचं पानी पऱ्याला जातं, तिकडचं शेतात." झालं की! सह्याद्री म्हणजे असंच मोठं आढं. महाबळेश्वरला पडलेला पाऊस एका अंगाने सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत येतो, दुसऱ्या अंगाने कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जातो. फळ्यावर नकाशा काढला तेव्हा वर्गात आवाज नव्हता.

उतरताना दोन बाटल्या भरल्या. एक देवराईतून येणाऱ्या ओहळाची, दुसरी जेसीबीने उतार उघडा केलाय त्या बाजूची. शाळेत आल्यावर खिडकीत ठेवल्या. सुटायच्या वेळी पहिलीच्या तळाशी चार पानांचे तुकडे, दुसरीत बोटभर लाल गाळ. मी काहीच बोलले नाही. एकाने वहीत बाटली रंगवून बाजूला लिहिलं, 'ही कोणाची तरी जमीन'. उतार ज्यांचा, त्यांचाही मुलगा याच वर्गात आहे, म्हणून हा विषय जपून पुढे न्यायला हवा.

सर्वांत जास्त वेळ अडकले ते एका जुन्या पानावर. मे महिन्यातलं. सुट्टीत कोणी लिहीत नाही, या पोराने लिहिलंय. मामाकडे चिपळूणला गेला होता. "वाशिष्ठीत पाणी हाय. आमचा पऱ्या सुकला. वाडीत टँकर. असं का?"

तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखातला हा प्रश्न. अर्धं उत्तर जांभ्या दगडात आहे: दगड सच्छिद्र, पाणी मुरतं, खाली चिकट मातीवर अडतं आणि उताराला झऱ्यांतून निघून जातं. समुद्र जवळ, नद्या आखूड, थांबायला जागा नाही. उरलेलं अर्धं पोफळीच्या वीजघरात आहे. कोयना खरं तर कराडला कृष्णेला मिळणारी नदी. पण धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून खाली सोडतात, वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत येतं. म्हणजे त्याने उन्हाळ्यात पाहिलं ते घाटावरचं पाणी, आढ्याच्या पलीकडचं. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर या मुलांनी पाहिलाय, त्यामुळे धरण म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार, 'पूर धरणामुळे आला का?', तेही माहीत आहे. त्या दिवशीचे पावसाचे आणि भरतीचे आकडे आधी नीट वाचून ठेवते.

दिवाळीच्या सुमारास पऱ्या ओसरला की वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा बांध, घालायचा आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतील. वाडीत कुणाकुणाकडे बांधकाम चालू आहे त्याची यादी सातवीकडे सोपवलीय.